हँडपॅनवादन आणि मनःस्वास्थ्य : नाद, विश्रांती व भावनिक सांत्वन यांचा एक विचार

बीजसंज्ञा : हँडपॅन, घनवाद्य, स्वयंभू स्वर, संगीतोपचार, ताणमुक्ती, समुपदेशन

प्रस्तावना :

संगीत आणि मनःस्वास्थ्य यांचा संबंध मानवाने फार प्राचीन काळापासून जाणला आहे. अंगाईने तान्हे बाळ शांत होते, जात्यावरील ओवीने कष्टाचा भार हलका होतो, दिंडीतील टाळ-मृदंगाने थकलेली पावले पुन्हा उचलली जातात. हे अनुभव सिद्ध करण्यासाठी कोणास प्रयोगशाळेची आवश्यकता भासली नाही. तथापि अनुभव आणि उपचार या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखाद्या नादाने बरे वाटणे वेगळे आणि त्या नादाने आजार बरा होतो असा दावा करणे वेगळे. हा भेद आज विशेषत्वाने लक्षात घ्यावा लागतो, कारण हँडपॅन नावाचे एक तुलनेने नवे वाद्य ‘नादोपचार’, ‘साउंड हीलिंग’ अशा नावांनी योगवर्ग, आरोग्यकेंद्रे आणि क्वचित महाविद्यालयांचे ताणमुक्ती कार्यक्रम यांतून ऐकू येऊ लागले आहे. वाद्य मोहक आहे, त्याचा नाद गंभीर आणि मधुर आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न असा की, या मोहकतेच्या मुळाशी नेमके काय आहे, तिचा मनावर होणारा परिणाम कोठपर्यंत पोहोचतो आणि विद्यार्थ्यांच्या भावनिक प्रश्नांशी नित्य संबंध येणाऱ्या प्राध्यापकवर्गाने तिचा उपयोग कसा करून घ्यावा. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचे विवेचन केले आहे.

वाद्याचा उगम व जडणघडण :

हँडपॅनची जन्मकथा तीन खंडांना जोडणारी आहे. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर ब्रिटिश वसाहत सरकारने १८८०च्या दशकात आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या ढोलवादनावर निर्बंध घातले. ढोल गेले, परंतु ताल गेला नाही. प्रथम बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून, पुढे १९३०च्या दशकात बिस्किटांचे डबे व पत्र्याची भांडी बडवून तो जिवंत राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तेलाच्या रिकाम्या पिंपांचे तळ ठोकून त्यांवर स्वर उमटविण्याची विद्या त्या समाजाने हस्तगत केली. हेच ‘स्टीलपॅन’ होय. १९९२ मध्ये त्यास त्रिनिदाद व टोबॅगोचे राष्ट्रीय वाद्य म्हणून मान्यता मिळाली. ज्या नादाकडे आज केवळ शांतीचे साधन म्हणून पाहिले जाते त्याची मुळे अशी दडपशाहीच्या इतिहासात आहेत, ही गोष्ट नादोपचाराच्या उत्साही प्रचारकांना बहुधा ठाऊक नसते.

स्टीलपॅन स्वित्झर्लंडमध्ये पोहोचले. तेथील बर्न शहरात फेलिक्स रोनर यांनी १९७०च्या दशकापासून ही वाद्ये घडविण्यास आरंभ केला. पुढे सबीना शेरर याही त्या कार्यात सहभागी झाल्या आणि ‘पॅनआर्ट’ ही त्यांची कार्यशाळा नावारूपास आली. १९९९ मध्ये रेटो वेबर हे तालवादक त्यांच्याकडे एक आगळी मागणी घेऊन आले. दक्षिण भारतीय घटमच्या वादनात रमलेल्या वेबर यांना हाताने वाजविता येईल असा, परंतु अनेक स्वर असलेला ‘घट’ हवा होता. या मागणीतून २००० साली ‘हांग’ या वाद्याची निर्मिती झाली. बर्न परिसरातील जर्मन बोलीत ‘हांग’ या शब्दाचा अर्थ ‘हात’ असा आहे. त्रिनिदादचे पिंप आणि कर्नाटक संगीतातील मातीचा घट यांचा संगम अशा रीतीने युरोपातील एका लोहारकामाच्या जागी झाला. पॅनआर्टने २०१३ मध्ये हांगचे उत्पादन थांबविले. मधल्या काळात अनेक देशांतील कारागिरांनी त्याच धर्तीची वाद्ये बनविण्यास सुरुवात केली होती व त्यांस ‘हँडपॅन’ हे नाव रूढ झाले होते. मूळ निर्मात्यांना मात्र ते नाव रुचले नाही.

भरताच्या चतुर्विध वर्गीकरणानुसार (तत, सुषिर, अवनद्ध व घन) हँडपॅन हे घनवाद्य ठरते. मात्र त्याचे वादन बोटांच्या व तळहाताच्या आघाताने, अवनद्ध वाद्यासारखे होते. आपल्याकडील स्वरबद्ध घनवाद्यांत जलतरंग व काष्ठतरंग यांचा समावेश होतो. हँडपॅन त्यांच्या पंक्तीत बसते. पोलादी पत्र्याचे दोन उथळ घुमट एकमेकांवर जोडून सुमारे अर्धा मीटर व्यासाची तबकडी तयार केली जाते. वरच्या घुमटाच्या मध्यभागी एक खर्जाचे स्वरक्षेत्र आणि भोवती वर्तुळाकार सात-आठ स्वरक्षेत्रे असतात. खालच्या घुमटाच्या मध्यभागी एक गोल छिद्र असते. तबकडी मांडीवर ठेवून वाजविली जाते. पत्रा विशिष्ट तापमानास नायट्रोजनयुक्त वायूत तापवून कठीण केला जातो आणि मग हातोडीने एकेक स्वर लावला जातो. हे काम अत्यंत जिकिरीचे असते, कारण एका स्वरास दिलेला घाव शेजारच्या स्वरास ढळवू शकतो.

नादाचे स्वरूप :

हँडपॅनच्या परिणामाचे रहस्य प्रथम त्याच्या ध्वनिशास्त्रात शोधावे लागते. कोणत्याही वाद्याच्या मूळ स्वराबरोबर काही उपस्वर उमटत असतात. सामान्य धातूच्या पत्र्यावर आघात केला असता हे उपस्वर परस्परांशी विसंगत असतात, म्हणून थाळी बडविल्याचा आवाज कर्कश वाटतो. हँडपॅनमध्ये मात्र कारागीर प्रत्येक स्वरक्षेत्रास तीन कंपनांत मिळवितो : मूळ स्वर, त्याच्या दुप्पट कंपनसंख्येचा सप्तकभर वरचा स्वर आणि तिप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे त्याही वरचा पंचम. मध्यस्वराची कंपनसंख्या सेकंदास सुमारे १४७ असेल तर त्याबरोबर सुमारे २९४ व ४४० ही कंपनेही ऐकू येतात. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर हँडपॅनचा प्रत्येक स्वर आपला षड्ज आणि पंचम स्वतःबरोबर घेऊन येतो.

तंबोऱ्याच्या सान्निध्यात वाढलेल्या मराठी श्रोत्यास ही अनुभूती अपरिचित नाही. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यातून स्वयंभू गांधार ऐकू येतो व त्या नादात गायक स्थिरावतो, हे आपल्या संगीतपरंपरेने फार पूर्वीच ओळखले आहे. शिवाय हँडपॅनवर एक स्वर छेडला असता त्याच्याशी नाते असलेली शेजारची स्वरक्षेत्रेही सतारीच्या तरफांप्रमाणे मंदपणे निनादतात. त्यातच पोकळीतील हवेचे कंपन आणि खालच्या छिद्रातून निघणारा खर्ज मिसळतो. एका आघाताचा नाद काही सेकंद रेंगाळतो. आघात बोटाच्या मऊ भागाने होत असल्याने त्यात दचकविणारा तीक्ष्णपणा नसतो. ही बाब वरवर किरकोळ वाटली तरी महत्त्वाची आहे. पॅट्रिक युस्लिन व डॅनिएल वेस्टफ्येल या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये संगीतातून भावना जागृत होण्याच्या ज्या यंत्रणा सांगितल्या त्यांतील पहिली मेंदूच्या देठाची प्रतिक्षिप्त क्रिया ही आहे. अचानक, मोठा वा कर्कश आवाज मेंदू धोक्याची सूचना मानतो व शरीर सावध होते. हँडपॅनच्या मंद वादनात अशी सूचना मिळण्याचे प्रसंग कमी येतात.

दुसरे वैशिष्ट्य स्वररचनेचे आहे. वाद्य घडवितानाच त्याचे स्वर कायमचे ठरविले जातात. सर्वाधिक प्रचारात असलेल्या एका रचनेत मध्यस्वरास षड्ज मानल्यास गांधार, धैवत व निषाद कोमल येतात. म्हणजे ती स्वरमालिका आपल्या आसावरी थाटाशी जुळते. काही रचनांत एखाददुसरा स्वर वगळून परस्परांना टोचणारी अर्धस्वरांतरे टाळलेली असतात. त्यामुळे संगीताचे शिक्षण नसलेली व्यक्तीही कोणत्याही क्रमाने वाजवू लागली तरी फारसे बेसूर होत नाही. हार्मोनियमसमोर प्रथमच बसणारा विद्यार्थी चुकण्याच्या भयाने बोट उचलतो. हँडपॅनसमोर ते भय बरेचसे गळून पडते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हँडपॅनवर ‘राग’ वाजविला जातो असे काही जाहिरातींतून सांगितले जाते. ते स्वीकारता येणार नाही. आसावरी थाटातच दरबारी कानडाही येतो, परंतु दरबारीचा प्राण असलेला आंदोलित गांधार ठोकून पक्क्या केलेल्या पत्र्यावर निघू शकत नाही. मींड नाही, श्रुतींची लवचीकता नाही. हँडपॅनची महती त्याच्या नादात आहे, रागविस्तारात नाही. म्हणूनच ‘अमुक रागाने अमुक व्याधी’ अशा कोष्टकांचा आधार हँडपॅनला देणे दुहेरी चुकीचे ठरते, कारण ती कोष्टके मुळातच पुरेशा पुराव्यावर उभी नाहीत.

शास्त्रीय पुरावा :

संगीताच्या आरोग्यविषयक परिणामांचा अभ्यास आता विस्तृत प्रमाणावर झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कला व आरोग्यविषयक अहवालात ३०००हून अधिक अभ्यासांचा परामर्श घेतला आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या चिंतेसंबंधीच्या २६ चाचण्यांचा (२०५१ रुग्ण) कॉक्रन संस्थेचा आढावा २०१३ मध्ये आला. संगीत ऐकलेल्या रुग्णांची चिंता तुलनेने कमी आढळली. ताणासंबंधीच्या २०२० मधील एका व्यापक विश्लेषणात १०४ नियंत्रित चाचण्या व ९६१७ सहभागी यांचा समावेश होता. त्यात शारीरिक व मानसिक अशा दोन्ही प्रकारच्या ताणलक्षणांत घट दिसून आली. निद्रानाशासंबंधीच्या २०२२ मधील कॉक्रन आढाव्यात (१३ अभ्यास, १००७ सहभागी) संगीतश्रवणाने झोपेची गुणवत्ता सुधारत असल्याचे आढळले. नैराश्याविषयीचा २०१७ मधील आढावा ९ अभ्यास व ४२१ सहभागी एवढ्यावरच आधारलेला आहे. त्यानुसार नेहमीच्या उपचारास संगीतोपचाराची जोड दिल्यास अल्पकाळात अधिक लाभ होतो. ‘जोड’ हा शब्द येथे अधोरेखित करावयास हवा.

मात्र उपरोक्त अभ्यास हँडपॅनवर झालेले नाहीत. ते संगीतावर झालेले आहेत. त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे एका वाद्याच्या खात्यावर जमा करणे तर्कदृष्ट्या सदोष आहे. हँडपॅनच्या अधिक जवळ येणारा अभ्यास म्हणजे तिबेटी नादपात्रे, घंटा इत्यादींच्या नादात केलेल्या ध्यानासंबंधीचा २०१७ मधील एक अमेरिकी अभ्यास होय. त्यातील ६२ सहभागींचा ताण, राग व थकवा सत्रानंतर कमी झालेला आढळला. परंतु त्यात तुलनागट नव्हता. तेवढाच वेळ केवळ स्वस्थ पडून राहिल्याने किती फरक पडला असता, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

हा प्रश्न केवळ शंकेखोरपणाचा नाही. इटलीतील लुचानो बेर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ संगीतज्ञ व १२ इतर अशा २४ तरुणांना सहा प्रकारचे संगीत ऐकविले. त्यात भारतीय रागसंगीताचाही एक नमुना होता. जलद लयीने श्वसन, रक्तदाब व हृदयगती वाढली. विशेष म्हणजे मध्ये ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत हृदयगती व रक्तदाब मूळ पातळीच्याही खाली गेले. शरीर सर्वाधिक विसावले ते संगीत थांबल्यावर! याच अभ्यासकांच्या गटाने २००१ मध्ये दाखवून दिले होते की, जपमाळेवरील प्रार्थना आणि योगमंत्र यांच्या पठणाने श्वसनाची गती मिनिटास सुमारे सहा होते व हृदय-रक्ताभिसरणाची लयबद्धता सुधारते.

या दोन निरीक्षणांच्या प्रकाशात हँडपॅनकडे पाहिले असता त्याच्या गुणाचा खरा उलगडा होतो. दोन आघातांमध्ये नाद हळूहळू विरत जातो आणि ऐकणाऱ्याचे लक्ष त्या विरण्यामागे जाते. आघातांत पाच-पाच सेकंदांचे अंतर ठेवले तर एका स्वरावर श्वास व दुसऱ्यावर उच्छ्वास असा क्रम सहज जुळतो व श्वसन मिनिटास सहाच्या आसपास येते. म्हणजे शांतविण्याचे बरेचसे काम नादाइतकेच मधली नीरवता व मंदावलेला श्वास करीत असतात. समाजमाध्यमांवर गाजणारे द्रुत लयीतील हँडपॅनवादन कलादृष्ट्या कितीही चित्ताकर्षक असले तरी विश्रांतीच्या हेतूने त्याची निवड करणे योग्य नव्हे.

‘४३२’चा आग्रह :

हँडपॅनच्या बाजारात ‘४३२ हर्ट्झ’ची वाद्ये अधिक आरोग्यदायी असल्याचे आवर्जून सांगितले जाते. १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने शिफारस केलेल्या ४४० कंपनसंख्येऐवजी ४३२ घेतल्यास सर्व स्वर एका अर्धस्वराच्या सुमारे एक-तृतीयांशाने उतरतात. एवढाच काय तो फरक. २०१९ मधील एका इटालियन प्राथमिक अभ्यासात ३३ जणांची हृदयगती ४३२च्या संगीताने किंचित अधिक मंदावल्याचे आढळले. तथापि इतक्या छोट्या अभ्यासावर विश्वाच्या कंपनांचे सिद्धान्त उभारणे हास्यास्पद आहे. ज्या परंपरेत गायक आपल्या गळ्याप्रमाणे काळी एक, काळी चार वा पांढरी पाच असा षड्ज निवडतो व तरीही श्रोत्यांना तीच तल्लीनता देतो, त्या परंपरेतील माणसाने तरी या आग्रहास भुलू नये.

भावनिक सांत्वनाची प्रक्रिया :

विश्रांती ही शरीराची अवस्था आहे; भावनिक सांत्वन त्याहून गुंतागुंतीचे आहे. संगीतोपचारात श्रवणाधारित व सहभागाधारित असे दोन मार्ग मानले जातात. हँडपॅनचे सामर्थ्य दुसऱ्या मार्गात अधिक जाणवते. जो दुःखाविषयी बोलू शकत नाही त्यास हाताने काहीतरी करावयास मिळते आणि केलेल्या कृतीस तत्क्षणी सुरेल प्रतिसाद मिळतो. वाद्य मांडीवर असल्याने त्याचे कंपन शरीरासही जाणवते. परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या, आपल्या हातून काहीच नीट होत नाही अशी धारणा झालेल्या विद्यार्थ्यास हा छोटासा अनुभवही मोलाचा ठरू शकतो.

येथे इरा आल्टशुलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९४०च्या दशकात मांडलेले ‘समभावतत्त्व’ मार्गदर्शक आहे. संगीताने प्रथम व्यक्तीच्या विद्यमान मनःस्थितीशी जुळावे आणि मग तिला हळूहळू इच्छित स्थितीकडे न्यावे, असे हे तत्त्व सांगते. अस्वस्थ, चिडलेल्या तरुणास आल्याबरोबर संथ नादात डोळे मिटून बसविणे त्याच्यावर अन्याय करणारे असते. त्याला आधी ठेका धरू द्यावा, हवे तर जलद वाजवू द्यावे. लय कमी होणे हे मागाहून घडते. शोकात असलेल्या व्यक्तीच्या शेजारी बसून आपण आधी तिच्या रडण्यास जागा देतो, समजुतीचे शब्द नंतर येतात; त्याच जातीचे हे शहाणपण आहे.

मर्यादा आणि महाविद्यालयीन संदर्भ :

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतांश मानसिक विकारांबाबत उपचारापासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक आढळले होते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक निर्देशांनुसार १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमणे अपेक्षित आहे. या पार्श्वभूमीवर वर्षातून एकदा नादसत्र भरवून, छायाचित्रे काढून, अहवालात ‘मानसिक आरोग्य उपक्रम’ अशी नोंद करणे सोपे आहे आणि तितकेच घातकही. जो विद्यार्थी खोल नैराश्यात आहे त्याला त्या दिवशी तासभर बरे वाटेल. नंतर त्याची विचारपूस करणारे कोणी नसेल तर ‘याने सर्वांना बरे वाटले, मलाच वाटत नाही’ ही भावना त्याचे एकटेपण वाढवू शकते.

काहींना हा नाद त्रासदायकही होतो. ध्वनिसंवेदनशीलता असणारे, कर्णनादाचा विकार असणारे, तसेच आघातकारक प्रसंगातून गेलेले विद्यार्थी मिटलेल्या डोळ्यांनी, अंधाऱ्या खोलीत, दीर्घकाळ नाद ऐकताना अस्वस्थ होऊ शकतात. दबलेली आठवण उसळून येते व आवरणारे प्रशिक्षित माणूस जवळ नसते. वादक कितीही कुशल असला तरी तो संगीतोपचारक असतोच असे नाही. अमेरिकेत या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना १९५० मध्येच स्थापन झाली व त्यासाठी पदवी, रुग्णालयीन प्रशिक्षण व प्रमाणपत्र यांची व्यवस्था निर्माण झाली. आठवड्याअखेरीच्या शिबिरातून मिळणारे प्रशस्तिपत्र तिची बरोबरी करू शकत नाही.

सत्र घ्यावयाचेच असेल तर ते लहान गटात, पंधरा ते वीस मिनिटांचे असावे. डोळे मिटण्याची सक्ती नसावी, खोलीत उजेड असावा, दार उघडे असावे आणि मध्येच उठून जाण्याची मोकळीक आरंभीच सांगितलेली असावी. वादनाच्या मध्ये व अखेरीस एक-दोन मिनिटांची संपूर्ण शांतता ठेवावी. त्या वेळी सूचना, सुविचार वा आभारप्रदर्शन करू नये. वाद्य उपलब्ध असल्यास श्रोत्यांनाही ते हाताळू द्यावे. वाजविण्यापूर्वी अंगठ्या काढून हात कोरडे करावेत आणि नंतर पृष्ठभाग पुसून ठेवावा, कारण घामाने व दमट हवेने हा पत्रा गंजतो. कोकणातील महाविद्यालयांनी तर याची विशेष काळजी घ्यावी. समुपदेशकाने सत्रात आरंभापासून बसावे. सत्र संपल्यावर तो किमान अर्धा तास त्याच खोलीत थांबावा व त्याची नियमित भेटीची वेळ, तसेच शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहिलेला असावा. सर्व निघून गेल्यावरही जो विद्यार्थी जागेवरून उठत नाही, त्याच्याशी बोलणे प्रथम व्हावे.